तीन बाटल्या, एक बाव

मी रत्नागिरीत एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. चाळिशीच्या तोंडावर मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती, बढतीसाठी डिग्री लागते म्हणून नोंदवलं. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे जे झालं त्याला मी नंतर मोठी मोठी कारणं शोधली, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

विषय होता जमिनीखालच्या पाण्याचा. जयगडच्या रस्त्यावरून आत वळलं की खाडीकडे उतरत जाणारी काही गावं लागतात. तिथल्या वीस-बावीस विहिरींचं, म्हणजे आमच्याकडे ज्यांना बावी म्हणतात त्यांचं, पाणी वर्षातून दोनदा तपासायचं. एकदा पाऊस सरल्यावर आणि एकदा ऐन मे महिन्यात. पाणी जमिनीत जितकं खोल उतरतं आणि जितके दिवस मुरतं तितकं ते तिथल्या दगडातलं काहीबाही आपल्यात विरघळवून घेतं. वरच्या लालसर जांभ्या दगडातून नुकतं झिरपलेलं पाणी जवळपास पावसासारखंच असतं. खालच्या काळ्या दगडात वर्षानुवर्षं राहिलेल्या पाण्यात चुना वाढतो, खाडीजवळच्या पाण्यात मीठ वाढतं. प्रत्येक बावेचे असे दहा-बारा आकडे मिळाले की ते संगणकात घालायचे. कुठली बाव कुठल्या बावेच्या किती जवळची हे तो मोजतो आणि झाडासारखी आकृती काढून देतो. सगळ्यात सारख्या दोन बावी आधी एका फांदीत जुळतात, मग त्यांच्याशी तिसरी, मग चौथी. ती आकृती वाचता आली की जमीन न खणता अंदाज बांधता येतो, की या बावींचं पाणी एका साठ्यातलं आणि त्यांचं दुसऱ्यातलं.

मला ती आकृती फार आवडायची. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावरच्या, उन्हात मात्र मला जायला नको असायचं.

त्या गावांपैकी एका गावात तीन वाड्या होत्या, एकीच्या डोक्यावर दुसरी. खालची वाडी पऱ्याजवळ, म्हणजे ओढ्याकाठी, मधली देवळाशी, आणि वरची थेट सड्याच्या कडेला. खालून वर जायला जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी होती, उभी आणि जागोजागी झिजलेली. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी सोडायचं काम एका बाईंकडे होतं. पन्नाशीच्या, काटक. सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. त्या स्वतः वरच्या वाडीतल्या. डिसेंबरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनीच मला तिन्ही बावी दाखवल्या. माझ्या बाटल्यांची पिशवी त्यांच्या खांद्यावर आणि मी मागून धापा टाकत, असं आम्ही चढलो.

"बाई, ह्या खालच्या बावेचं पानी जड," त्या म्हणाल्या. "डाळ टाकलीत तर शिजता शिजत नाय. आमच्या वयल्या बावेच्या पान्यात लगेच मोडते."

मी हसून मान डोलावली. प्रयोगशाळेत नेऊन तपासलं तर अगदी तसंच निघालं. खालच्या पाण्यात चुना भरपूर, वरच्यात जवळपास नाहीच. देवळाची बाव दोन्हींच्या मधली. आकृतीत तिन्ही बावी तीन वेगवेगळ्या फांद्यांवर गेल्या. मी ते मावशींना कळवलं नाही. त्यांना ठाऊकच होतं, असं मी मनाशी म्हटलं.

मे महिन्यातल्या फेरीला ते गाव सगळ्यात शेवटी आलं. आदल्या दिवशी मी मावशींना फोन करून येते म्हणून सांगितलं होतं. सकाळपासून चार गावं झाली होती. त्या गावात पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कातळावरून वाफ तोंडावर येत होती. खालच्या बावेजवळ स्कूटर लावली. मावशी कुठे दिसल्या नाहीत. मला बरंच वाटलं, कारण त्या असत्या तर चढावंच लागलं असतं. पायात साध्या सपाता होत्या, बूट घाल म्हणून घरून सांगितलेलं असूनही. संध्याकाळी एका मैत्रिणीकडे आमरसाचं जेवण होतं, आणि त्याआधी केस धुवायचे होते. एवढंच. ताप नव्हता, चक्कर आली नव्हती, कुणी आजारी नव्हतं.

मी खालच्या बावेत बादली सोडली आणि पहिली बाटली भरली. तिच्यावर त्या बावेचा क्रमांक घातला. मग बादलीत उरलेल्या पाण्याकडे जरा वेळ बघत राहिले. आणि दुसरी बाटली भरली, तिच्यावर देवळाच्या बावेचा क्रमांक. तिसरीवर वरच्या बावेचा. पाण्याचं तापमान आणि क्षारांचं माप जागेवरच घेऊन वहीत लिहावं लागायचं. खालच्या बावेचं घेतलं तेच, दशांशातला एकेक आकडा इकडेतिकडे करून, बाकीच्या दोघींपुढे लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. ते पान पाहिलं तर कुणालाही संशय येणार नाही.

मैत्रिणीकडचा आमरस छान होता.

माझे मार्गदर्शक कोल्हापूरला असायचे. साठीला आलेले, कमी बोलणारे. जूनमध्ये मी आकृत्या घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर करून डिसेंबरची आकृती पाहिली, मग मेची.

"ह्या तीन बावी बघा," ते म्हणाले. "डिसेंबरात एकमेकींशी काही संबंध नाही. आणि आता अगदी शेंड्यालाच एका फांदीत जुळल्यात. इतकं सारखं पाणी मी क्वचित पाहिलंय. बाटल्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?"

तिथे मला सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. ते रागावले असते आणि पुढच्या मे महिन्यात परत जा म्हणाले असते, बस.

"नाही सर," मी म्हटलं. आणि त्यांनी आणखी काही विचारायच्या आत बोलत सुटले. "मला वाटतं, पावसाळ्यानंतर प्रत्येक बावेला आपापल्या कातळातल्या भेगांचं पाणी येत असेल. उन्हाळ्यात ते संपतं. मग तिन्हींना खालच्या एकाच मोठ्या साठ्यातून पाणी येत असेल. म्हणून मेमध्ये तिघी सारख्या होतात."

सरांनी दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग म्हणाले, "चांगला विचार केलात. लिहा."

घरी परत येताना एसटीत मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोळवलं. आकृतीत काही खोट नव्हती. संगणकाने आपलं काम चोख केलं होतं. तीन बाटल्यांत एकच पाणी आहे, हे त्याने पहिल्या झटक्यात ओळखलं होतं. खोटं फक्त मी बोलले होते. आणि हळूहळू, मला स्वतःलाही हे आता पटत नाही, पण मीच त्या साठ्यावर विश्वास ठेवायला लागले. प्रबंधातलं ते प्रकरण सगळ्यात चांगलं उतरलं. त्यासाठी मी सड्याचा उभा छेद दाखवणारं चित्र काढलं आणि जमिनीखालचा साठा निळ्या रंगाने रंगवला.

ते चित्र गावापर्यंत पोचलं. गावाला पाण्याच्या कामासाठी निधी आला होता आणि दोन मतं होती. वरच्या वाडीचं म्हणणं, आमची जुनी बाव उपसून, गाळ काढून, कठडा नीट बांधून द्या. बाकीच्यांचं म्हणणं, खाली एक बोअर मारा आणि सगळ्यांना नळाने पाणी द्या. सरपंचांना कुणीतरी सांगितलं की कॉलेजातल्या एका मॅडमनी आपल्याच बावींचा अभ्यास केलाय. त्यांनी मला ग्रामसभेला बोलावलं. मला आनंद झाला. खरंच झाला. नवी साडी नेसून गेले.

शाळेच्या खोलीत पडद्यावर मी माझं निळं चित्र दाखवलं. उन्हाळ्यात तिन्ही वाड्यांखाली पाणी एकच आहे, असं सांगितलं. सरपंच म्हणाले, "म्हणजे एक बोअर पुरे."

मागच्या बाकावरून मावशी उठल्या.

"बाई, एकच पानी असंल तर आमच्याकडे डाळ शिजते नि खाली का नाय शिजत?"

काही जण हसले. मी क्षार, ऋतुमान, साठ्याची खोली असं बरंच काही बोलले. त्या उभ्याच होत्या.

"मे म्हयन्यात आमच्या बावेचं पानी तुमी घेतलंत?"

"हो, घेतलं ना. त्याच्यावरूनच तर हे."

"सोता वर येऊन?"

खोलीत पंखा फिरत होता. मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत भांडण नव्हतं. उलट, त्या मला काहीतरी देऊ करत होत्या, असं आज वाटतं.

"हो," मी म्हटलं.

त्या खाली बसल्या. पदर सारखा केला. बोअरचा ठराव झाला.

मी प्रबंध सादर केला आणि तोंडी परीक्षेची वाट बघत राहिले. गावाकडे फिरकले नाही. बोअरला सुरुवातीला पाणी लागलं, असं कळलं होतं. त्यापुढे मी चौकशी केली नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये जयगडला एका सहकाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा होता. आम्ही चौघीजणी गाडी करून निघालो. गावाच्या फाट्यावर गाडी थांबली. रस्त्यात पाण्याचा टँकर आडवा उभा होता आणि त्याच्याभोवती कळश्या, हंडे, निळी पिंपं. मावशी टँकरच्या मागे पाइप धरून उभ्या होत्या आणि बायकांना पाळीने पाणी देत होत्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्यांनी मान वर केली.

मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. वाकून, चांगली दोन-तीन मिनिटं, गाडी हलेपर्यंत शोधत राहिले. शेजारची म्हणाली, "काय गं, काय हरवलं?" मी म्हटलं, "कानातलं." कानातलं कानातच होतं.

साखरपुड्यात मी कुणाकुणाकडून माहिती काढली. बोअरचं पाणी पावसाळा संपल्यावर लाल यायला लागलं होतं. कपडे पिवळे पडायचे, चहावर तवंग यायचा. मार्चमध्ये पंप नुसती हवा ओढायला लागला. आणि वरच्या वाडीची बाव? तिचं काम रद्दच झालं होतं. पावसात तिचा एका बाजूचा कठडा मातीसकट आत कोसळला होता. म्हणजे वरच्या वाडीला आता ना बोअरचं पाणी, ना बावेचं. टँकर फाट्यापर्यंतच यायचा. तिथून पाखाडी चढून बायका पाणी नेत होत्या.

तरीही मी लगेच गेले नाही. महिना घालवला. मेमधल्या एका रविवारी सकाळी बूट घालून, बाटल्या घेऊन गेले. यावेळी फोन केला नव्हता. मावशी मधल्या वाडीत नळाच्या टाकीपाशी भेटल्या.

"मला वरच्या बावेचं पाणी घ्यायचंय," मी म्हटलं.

"चला," त्या म्हणाल्या. पिशवीला हात घालू लागल्या, मी दिली नाही.

वरची बाव मी दीड वर्षाने पाहत होते. तळाशी लाल चिखल होता. एका कोपऱ्यात मात्र चिऱ्यांच्या फटीतून करंगळीएवढी धार येत होती. भर मे महिन्यात. तिथे उतरून मी बाटली धरली. भरायला बराच वेळ लागला. पाणी इतकं स्वच्छ होतं की बाटली रिकामीच वाटत होती. वर आल्यावर मी कठड्याच्या उरलेल्या चिऱ्यांवर बसले.

"मावशी, गेल्या मे महिन्यात मी वर आलेच नव्हते. खालच्याच बावेचं पाणी तिन्ही बाटल्यांत भरलं होतं."

त्यांनी चिऱ्यावरचा पाला हाताने बाजूला सारला. मग म्हणाल्या, "ठाव हाय मला."

मला वाटलं, ग्रामसभेत त्यांना अंदाज आला असेल. तसं नव्हतं.

"त्या दिवशी मी हितंच होते," त्या म्हणाल्या. "तुमी येनार म्हनून सकाळपासून बाव सोडली नाय. बायकांना सांगितलं, आज पोहरा टाकू नका, पानी ढवळंल, बाईंना चांगलं पानी मिळू दे. कोकमाचं सरबत करून ठेवलं होतं. दोन वाजता तुमची गाडी खाली आलेली दिसली. हितनं दिसते. मग गेलेली बी दिसली."

मी विचारलं, "मग सभेत का नाही बोललात?"

"इचारलं की मी. दोनदा इचारलं." त्या बावेत बघत होत्या. "तुमी हो म्हनालात. मग वाटलं, दुसऱ्या दिशी आल्या असतील. तसं नाय वाटलं खरं तर. पन शिकलेल्या बाईला चारचौघांत खोटी कशी पाडायची? नि माझं कोन ऐकनार होतं? तुमचं चित्र होतं."

मला रडू आलं. त्यांनी समजूत काढली नाही. म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपेग? वाडीला सांगा."

मी म्हटलं, आधी पाणी तपासते. त्या म्हणाल्या, "तपासा. मग या."

पाणी तपासलं. डिसेंबरात होतं तसंच, हलकं, जवळपास चुना नसलेलं. देवळाच्या बावेचंही नव्याने आणलं होतं. नव्या आकृतीत वरची बाव सगळ्यांपासून दूर, आपल्या एकटीच्या लांब फांदीवर होती. तिचं पाणी सड्याच्या जांभ्यातलं. तो जांभा जिथे संपतो तिथे चिकण मातीचा थर आहे आणि त्याच्यावरून पाणी बावेत येतं. खालच्या साठ्याशी तिचा काही संबंध नव्हता. उन्हाळ्यातही नाही. बोअरमधून ते पाणी कधीच मिळालं नसतं.

पुढच्या रविवारी देवळात वरच्या वाडीची पंचवीसेक माणसं जमली. बहुतेक बायका आणि म्हातारे. पुरुष मुंबईला. मे महिन्याच्या सुट्टीला आलेले दोघे-तिघे मागे भिंतीला टेकून उभे होते. मी उभी राहिले आणि सांगितलं. पहिल्यांदा नीट जमलं नाही. मी "नमुना घेण्यात चूक झाली" असं म्हणाले. मावशी पुढेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, सरळ सांगा." मग सरळ सांगितलं. चढायचा कंटाळा आला, म्हणून खालचंच पाणी भरलं आणि वर येऊन घेतलं असं खोटं बोलले.

कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील, आणि मी त्याची तयारी करून आले होते. एका म्हाताऱ्या आजोबांना नीट ऐकू आलं नाही. त्यांच्या सुनेने त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, "बाई वर चढल्याच नव्हत्या!" ते ऐकून ते हसायला लागले. खळखळून, डोळ्यात पाणी येईपर्यंत. बाकी कुणी हसलं नाही. मुंबईहून आलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "आईचं दोन महिने पाठीचं दुखणं चाललंय. पाण्याच्या हंड्यांनी." एवढंच बोलून तो बाहेर निघून गेला. एक बाई म्हणाली, "मग आता बावेचं काय?"

बावेचं वाडीने स्वतःच केलं. पाऊस लागायच्या आत गाळ काढायचा ठरवलं. सुट्टीला आलेल्यांनी जाणं चार दिवस पुढे ढकललं. मीही गेले. घमेली हातोहात वर यायची, त्या रांगेत मला शेवटी उभं केलं. दुसऱ्या दिवशी माझे हात सुजले. कुणी "राहू दे बाई" म्हणालं नाही आणि कुणी "बरं झालं आलात" असंही म्हणालं नाही. पंचायतीला मी लेखी कळवलं की माझ्या सांगण्यावर विसंबून घेतलेला निर्णय चुकीच्या नमुन्यावर उभा होता. सरपंच कागद वाचून म्हणाले, "आता याचा काय उपयोग, मॅडम," आणि त्यांनी तो फायलीत लावला.

सरांना सांगायला कोल्हापूरला गेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अदलाबदल झाली का, असं मी विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो सर."

"मला तेव्हाच खटकलं होतं. पण तुमचं स्पष्टीकरण मला आवडलं." तो दोष त्यांनी स्वतःकडे घेतला, ते मला सगळ्यात जड गेलं. मग म्हणाले, "प्रबंध परत घ्यावा लागेल. ते प्रकरण काढा आणि कारण लिहून द्या. काय कारण लिहायचं ते तुम्ही ठरवा."

मी खरं कारण लिहिलं. डिग्री लांबणीवर पडली आणि तिच्याबरोबर बढतीही. कॉलेजात काहींना कळलं, काहींना नाही. पुढे डिग्री मिळाली. नवऱ्याने दारावरच्या पाटीत माझ्या नावाआधी "डॉ." घालून आणलं. मी ती पाटी बरेच दिवस कपाटात ठेवली होती. नंतर त्याने ती लावली, आणि मी काही बोलले नाही. माणसाला सवय होते, मला याचीही झाली.

गेल्या वर्षी वरच्या वाडीतल्या एक बाई प्रयोगशाळेत आल्या. मावशी नव्हेत. देवळात "मग आता बावेचं काय?" असं ज्यांनी विचारलं होतं, त्या. कापडी पिशवीत पाण्याची बाटली होती. बावेच्या पाण्याला या उन्हाळ्यात जरा वेगळा वास येतोय, तपासून हवं होतं. मी म्हटलं, ठेवून जा, दोन दिवसांत फोन करते.

"नाय," त्या म्हणाल्या. "मी हितंच थांबते. माझ्यासमोर करा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाजारात वजनकाट्याकडे बघत उभं राहावं तशा त्या टेबलाशी उभ्या राहिल्या. मी स्टूल दिलं, त्यांनी घेतलं नाही. मी बाटलीचं झाकण त्यांच्यासमोर उघडलं. एकेक परीक्षा करताना काय करतेय ते सांगत गेले, आणि आकडा आला की आधी त्यांना दाखवून मग वहीत लिहिला. दोन तास लागले. त्यांची शेवटची एसटी सुटते की काय, अशी मला भीती वाटत होती, पण त्या घाई करत नव्हत्या. पाणी ठीक होतं. वास बावेत पडलेल्या पाल्याचा होता. मी दिलेला आकड्यांचा कागद घेऊन त्यांनी घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवला आणि निघाल्या.